एक्सेल येतं ना तुम्हाला?

या प्रश्नाला मराठी माणसाचं उत्तर ठरलेलं आहे: "बेसिक येतं." नोकरीच्या मुलाखतीत हेच, सोसायटीच्या कमिटीत हेच आणि लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या मामाला विचारलं तरी हेच. बेसिक येतं म्हणजे नेमकं काय येतं, असा उलट प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. मी विचारतो. त्यामुळे मला कमिट्यांवर घेत नाहीत.

विचारून विचारून जे हाती लागलं ते असं. चौकटी दिसतात. चौकटीत लिहिता येतं. आणि चौकट पिवळी करता येते. या तिसऱ्या विद्येवर लोकांचा फार जीव. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या फाइलीत पिवळं म्हणजे पैसे यायचे आहेत, हिरवं म्हणजे आले, केशरी म्हणजे चेक दिलाय पण वटला नाही आणि लाल म्हणजे भांडण चालू आहे. हा रंगकोश फक्त मागच्या सेक्रेटरींना पाठ होता आणि ते फ्लॅट विकून बाणेरला गेले. आता फाइल उघडली की रांगोळी दिसते, थकबाकी दिसत नाही. बेरीज करणाऱ्या फॉर्म्युल्याला रंग कळत नाहीत. त्याला कळावं असं वाटत असेल तर शेजारी एक रकाना घेऊन त्यात "बाकी" असा शब्द लिहावा लागतो. शब्द लिहिणं रंगवण्यापेक्षा सोपं आहे, पण त्यात मजा नाही.

मुळात ही वस्तू निघाली कशासाठी? १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या वर्गात डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसला होता. प्राध्यापकांनी फळ्यावर आकड्यांचा भलामोठा तक्ता मांडलेला. मधला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. ब्रिकलिनला वाटलं, हा फळा आपला आपण पुसून आपला आपण लिहील तर? बॉब फ्रँकस्टनला बरोबर घेऊन त्याने व्हिजिकॅल्क बनवलं. १९७९ मध्ये ते ॲपल टू या संगणकासाठी बाजारात आलं आणि केवळ ते वापरायला मिळावं म्हणून लोक संगणक विकत घेऊ लागले. १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आलं, १९८५ मध्ये एक्सेल आलं. तेही आधी मॅकिंटॉशवर, विंडोजवर दोन वर्षांनी. ब्रिकलिनने पेटंट घेतलं नाही, कारण त्या काळी सॉफ्टवेअरचं पेटंट घ्यायची फारशी रीत नव्हती. घेतलं असतं तर आमच्या थकबाकीदारांच्या यादीवरही त्याला रॉयल्टी मिळाली असती. अर्थात, थकबाकीदारांनी दिली असती तर.

म्हणजे मूळ कल्पना एवढीच, की एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील. बेसिक म्हणायचं तर हे. आणि आपण एक्सेलला नेमकं हेच करू देत नाही.

आमचे खजिनदार काका घ्या. उभं आयुष्य बँकेत गेलेलं. ते महिन्याचा खर्च एक्सेलमध्ये अतिशय नेटका लिहितात. वीजबिल, वॉचमन, लिफ्टची देखभाल, टाकी सफाई. मग संगणकाशेजारी कॅल्क्युलेटर ठेवून बेरीज मारतात. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. दोन्ही जुळल्या की तो आकडा शेवटच्या घरात टाइप करतात, ठळक करतात आणि खाली दोन रेघा मारतात. एकदा कुणीतरी दाखवून दिलं की वीजबिलात अदलाबदल झाली आहे, १८,४५० लिहिलंय, १८,५४० हवं. काकांनी तो आकडा दुरुस्त केला. खालची बेरीज ढिम्म हलली नाही. यात एक्सेलचा काही दोष नाही. ही बेरीज आहे असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्या लेखी तो एक सुटा आकडा होता. वरच्या मजल्यावर कोण आलं, कोण गेलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

जुन्या रोजकीर्दीत खाडाखोड दिसायची. चुकलेल्या आकड्यावर आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही. हिशोबनीस कुठे आणि किती वेळा गडबडला हे नातवंडांनाही वाचता यायचं. एक्सेलमध्ये चूक दुरुस्त केली तरी पान स्वच्छ, आणि बरोबर असलेलं बिघडवलं तरी पान तेवढंच स्वच्छ. शिवाय आकडा चौकटीत बसलेला, उजवीकडे ओळीत, ठळक टायपात. अशा आकड्यावर संशय घ्यायला माणूस धजत नाही. सभेत तोंडी सांगितलेल्या हिशोबावर जे लोक तासभर भांडतात, तेच लोक तोच हिशोब छापून हातात दिला की मान डोलवतात.

असो. काकांची मुलगी बंगळूरला असते. त्या नव्वद रुपयांनंतर तिने फोनवरून शिकवणी घेतली. काका फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे ती शिकवणी सगळ्या मजल्याला मिळाली.

"बाबा, शेवटच्या घरात जा. आधी बरोबर टाका."

"बरोबरच टाकतो मी. दोनदा तपासून."

"तसं नाही हो. बरोबरचं चिन्ह. दोन आडव्या रेघा."

"त्या खाली मारल्यात की."

"खाली नाही, घरात. टाकलं? आता सम."

"सम? यात विषम आकडे पण आहेत."

"एस, यू, एम, बाबा. मग कंस."

"कुठला? साधा, चौकटी की महिरपी?"

"साधा. आता पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत माउस ओढा."

"ओढतोय. वायर पुरत नाहीये."

"वायर... बरं, कंस पुरा करा आणि एंटर मारा."

थोडा वेळ शांतता. मग काकांचा आवाज: "नव्वद रुपये जास्त दाखवतंय. बिघडलं बहुतेक."

तरीही त्या दिवशी काकांना सूत्र गवसलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांनी पाणीपट्टी सूत्राने काढायला घेतली. आमच्याकडे पाणीपट्टी माणशी असते. दर वर उजवीकडच्या एका घरात लिहिलेला, त्याच्या खालचं घर मोकळं आणि त्याच्या खाली, सर्वांच्या सोयीसाठी, प्लंबरचा मोबाइल नंबर. २०१ नंबरच्या फ्लॅटसमोर काकांनी सूत्र लिहिलं, माणसं गुणिले दर. उत्तर बरोबर. मग मुलीने शिकवल्याप्रमाणे घराच्या कोपऱ्यातला ठिपका धरून ते खाली ओढलं. २०२ ची पाणीपट्टी शून्य आली. २०३ मध्ये तीन माणसं राहतात, त्यांना जवळजवळ तीन हजार कोटी रुपये आले. एवढी रक्कम रकान्यात मावेना म्हणून तिथे एक्सेलने नुसती हॅशची रांग लावली. काकांना वाटलं, फ्लॅट कुलूपबंद आहे असं दाखवतंय.

झालं होतं ते असं. सूत्र एक घर खाली ओढलं की त्यातले पत्तेही एकेक घर खाली सरकतात. माणसांचा पत्ता सरकायलाच हवा होता, प्रत्येक फ्लॅटची माणसं वेगळी. पण दराचा पत्ताही सरकला. दुसऱ्या फ्लॅटने मोकळं घर गुणलं आणि तिसऱ्याने प्लंबर गुणला. दर जागच्या जागी खिळवायचा तर त्याच्या पत्त्यात अक्षराआधी एक आणि आकड्याआधी एक डॉलरचं चिन्ह द्यावं लागतं. एफ-फोर ही कळ दाबली की दोन्ही आपोआप येतात. हे फोनवर सांगितल्यावर काकांनी विचारलं, "डॉलर कशाला? आपला कारभार रुपयांत आहे." यावर मुलीकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. एक्सेल शिकणाऱ्याची खरी परीक्षा इथे होते: त्या डॉलरपर्यंत पोचलेला माणूस पुढे जातो, न पोचलेला कॅल्क्युलेटरकडे परत जातो. २०२ मधून तेवढी तक्रार आली नाही.

आता लग्नाची यादी. हा विषय आला की घरातला एखादा भाचा लॅपटॉप उघडतो आणि मोठ्या उत्साहाने रकाने आखतो: नाव, गाव, फोन, किती जण. पहिल्या वीस नावांपर्यंत यादी शिस्तीत चालते. मग आत्या येऊन बसते. त्यानंतर "किती जण" या रकान्यात पुढच्या नोंदी होतात: "४ (आजी आल्या तर ५)", "सहकुटुंब", "२ + १ लहान", "विचारून सांगते", "यांना बोलवायचं पण येणार नाहीत" आणि एका ठिकाणी नुसतंच "बघू". शेवटी केटररचा फोन येतो, पानं किती? भाचा रुबाबात बेरीज करतो. उत्तर येतं सदतीस.

कारण सरळ आहे. ज्या घरात निव्वळ आकडा आहे तेवढीच घरं बेरजेत धरली जातात. आकड्यामागे कंसात आजी आल्या की एक्सेलच्या दृष्टीने ते सगळंच घर मजकूर झालं. मजकुराची बेरीज होत नाही, आणि मी याला धरलेलं नाही असं सांगायची तसदीही ते घेत नाही. आजींबरोबर ते चौघंही गेले. अशा वेळी मामा पुढे होतो. "त्याच्या हिशोबाने सदतीस असतील," मामा म्हणतो, "तू साडेचारशे सांग." आणि साडेचारशे बरोबर निघतात. पण मामा प्रत्येक घरात असतोच असं नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांनी एका घरात एकच गोष्ट लिहावी: नक्की येणारे वेगळ्या रकान्यात, आले तर येणारे वेगळ्या रकान्यात आणि आत्याची मतं शेवटी, शेरा या रकान्यात.

हीच यादी अकारविल्हे लावायची झाली की दुसरा खेळ. आपण माणसाला नुसत्या नावाने कधी लिहीत नाही. त्यामुळे सॉर्टचं बटण दाबल्यावर सगळे "श्री." एकत्र येतात, सगळ्या "सौ." एकत्र येतात, डॉक्टर एका बाजूला, ॲडव्होकेट एका बाजूला. नवरा-बायको एका झटक्यात पावणेदोनशे ओळींनी दुरावतात. त्यातही ज्याने फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केलं त्याची तर कमालच. एक्सेल त्याला बिचारं विचारतं, शेजारचे रकानेही बरोबर हलवू का? पण असा प्रश्न वाचायचा असतो हे आपल्या मनावर बिंबलेलं नाही. खिडकी आली की "आहे तेवढंच चालू दे" असं सांगून ती घालवायची, इतकंच आपल्याला ठाऊक. मग नावं हलतात आणि फोन नंबर जागेवर राहतात. नवऱ्या मुलाच्या आजोबांना "स्टेजला झेंडू लावा, ऑर्किड नको" असा फोन जातो. आजोबा हो म्हणतात.

सरकारी पत्रकाशिवाय हा विषय पुरा होत नाही. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. सकाळी अकराला व्हॉट्सॲपवर प्रपत्र येतं: माहिती सोबतच्या विहित नमुन्यात आज दुपारी दोनपर्यंत सादर करावी, हार्ड आणि सॉफ्ट दोन्ही. फाइल उघडली की पहिल्या चार ओळी एकमेकींत मिसळून त्यात ठळक शीर्षक. मर्ज अँड सेंटर हे बटण आपल्या लोकांना मनापासून आवडतं. हिशोबाच्या वहीच्या पहिल्या पानावर मधोमध "श्री" लिहायची सवय असल्यामुळे ते घरच्यासारखं वाटत असावं. पण मिसळलेल्या घरांच्या पोटातून ना नीट सॉर्ट होतं, ना फिल्टर लागतो. शीर्षकाखाली रकान्यांची नावं तीन मजली: "विद्यार्थी संख्या"च्या पोटात "मुले" आणि "मुली", मुलींच्या पोटात पुन्हा प्रवर्ग. छापलेल्या कागदासाठी हे उत्तम. एक्सेलला मात्र एका रकान्याचं एकच नाव कळतं आणि तेही एका ओळीत.

ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नाही तिथे काय लिहायचं? सरकारी उत्तर आहे, निरंक. शून्य म्हणजे शून्य, पण निरंक म्हणजे आम्ही बघितलं, विचार केला आणि नाही. या शब्दाने मी कितीतरी पत्रकं आडवी झालेली पाहिली आहेत. दोन घरांच्या मध्ये अधिकचं चिन्ह घालून बेरीज केली आणि त्यातल्या एका घरात निरंक असेल तर उत्तराच्या जागी थेट "व्हॅल्यू" अशी इंग्रजीत बोंब. सम वापरलं तर बोंब नाही, निरंक गुपचूप वगळला जातो. सरासरी काढली तर गंमत आणखी वाढते. एखाद्या केंद्रातल्या दहा शाळांपैकी चार शाळांनी निरंक लिहिलं तर बेरजेला दहाने नव्हे, सहाने भाग जातो. सहलीला गेलेल्या मुलांची सरासरी काढायची असेल तर प्रामाणिकपणे शून्य लिहिणारं केंद्र मागे पडतं आणि निरंक लिहिणारं केंद्र पुढे जातं. यावर शेरा लिहायचा म्हटलं तर शेऱ्याचा रकाना प्रिंट काढताना हमखास दुसऱ्या पानावर जातो. कचेऱ्यांतून अशी नुसत्या शेऱ्यांची किती पानं फायलींना लागली असतील, देव जाणे.

पण एक्सेलने महाराष्ट्रावर खरा घाव घातला आहे तो सातबारावर. कागदपत्रांची यादी करताना एखाद्या घरात सात, तिरकी रेघ, बारा असं लिहून बघा. एंटर मारल्यावर तिथे ७ डिसेंबर झालेला दिसेल. काही संगणक अमेरिकन वळणाचे असतात, महिना आधी आणि दिवस नंतर मानणारे. तिथे सातबाराचा १२ जुलै होतो. आपल्या वळणाच्या संगणकावर सर्व्हे नंबर १२/३ चा मार्च होतो, फ्लॅट ४/५ चा मे होतो. वारसांमध्ये पंचवीस वर्षं पडून असलेला वाद अशा रीतीने निदान तारखेपर्यंत तरी पोचतो. यावर उपाय आहे: लिहिण्याआधी एक एकेरी अवतरणचिन्ह द्या, किंवा रकान्याला आधीच टेक्स्ट म्हणून सांगून ठेवा. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं उडतात, बारा आकडी आधार क्रमांकाच्या जागी मध्येच "ई" आलेला चमत्कारिक आकडा दिसतो, त्यालाही हाच उपाय. ज्याची कधी बेरीज करायची नाही तो आकडा नव्हेच, असं मानलं की निम्मी दुखणी जातात. आधार क्रमांकांची बेरीज करून काय मिळणार?

हा त्रास फक्त तलाठी कार्यालयापुरता आहे असं समजू नका. माणसाच्या काही जनुकांना इंग्रजीत मार्च-एक, सेप्ट-दोन अशी नावं होती. मार्च हा मार्च महिना आणि सेप्ट म्हणजे सप्टेंबर असं गृहीत धरून एक्सेल जगभरच्या प्रयोगशाळांत जनुकांच्या तारखा करत राहिलं. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असले घोळ सापडले. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हात टेकले आणि अशा जनुकांची नावंच बदलली. तारखा करणं बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती त्यानंतर, २०२३ मध्ये. म्हणजे माणसाची जनुकं आधी वाकली, मग सॉफ्टवेअर. सातबाराचं नाव बदलायचा प्रस्ताव अजून कुणी मांडलेला नाही, हे आपल्या महसूल खात्याचं धैर्य म्हणायचं.

तारखेबद्दल आणखी थोडं, कारण एक्सेलचा स्वभाव तिथे पुरता कळतो. त्याच्याकडे तारीख नावाची गोष्टच नाही. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस, तिथून मोजलेले दिवस ते मनात ठेवतं आणि आपल्याला तारखेचा मुखवटा दाखवतं. मुखवटा काढला तर भारत स्वतंत्र झाला तो दिवस १७३९४ आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झालं तो २२०३७. दोन तारखांची वजाबाकी करता येते ती यामुळेच. निवृत्तीला किती दिवस उरले हे काढणारे सरकारी नोकर मी पाहिले आहेत. एवढ्या एका सूत्रात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. मात्र १९०० च्या आधी काही घडलं हे एक्सेलला मान्य नाही. ६ जून १६७४ ही तारीख त्याच्यापुढे ठेवली तर ते ती मजकूर म्हणून एका बाजूला बसवतं आणि शिवराज्याभिषेकाला किती दिवस झाले असं विचारलं तर उत्तराऐवजी चूक दाखवतं. याउलट २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस त्याच्या पंचांगात आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण लोटसमध्ये ते तसं धरलेलं होतं, आणि लोटसच्या फायली एक्सेलमध्ये चालाव्यात म्हणून ती चूकही जशीच्या तशी उचलली. ती आजही आहे. कॉपी करणाऱ्या मुलाने शेजाऱ्याचं नावही उतरवावं, तसंच हे.

कुणाला वाटेल, असले प्रकार आपल्याकडेच होतात, बाहेरचे लोक नीट शिकून करतात. तसं नाही. अर्थशास्त्रातली मोठी माणसं घ्या, कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर कर्ज गेलेल्या देशांची वाढ खुंटते, असा त्यांचा २०१० चा निबंध. काटकसरीची धोरणं आखणाऱ्यांनी तो जगभर तोंडी लावला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवून उघडली. सरासरीचं सूत्र पाच ओळी आधीच थांबलेलं होतं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, हे पाच देश हिशोबातून बाहेर. निबंधावर इतरही आक्षेप होते आणि लेखकांनी मूळ मत सोडलं नाही, पण ही चूक त्यांनी कबूल केली. आमच्या काकांनीही लिफ्टच्या नव्या दोराचा खर्च शेवटच्या ओळीखाली लिहिला होता, जिथपर्यंत सूत्र पोचत नव्हतं. फरक इतकाच की काकांची फाइल कुणी मागवली नाही.

इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. प्रयोगशाळांची माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ओतली जात होती आणि त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. नव्या प्रकारात १०,४८,५७६ मावतात. पण जुनी फाइल भरली तेव्हा वरचं सांडून गेलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्या सोसायटीत अठ्ठेचाळीस फ्लॅट आहेत, त्यामुळे ही भीती तूर्त नाही.

आम्हाला भीती आहे ती एका रुपयाची. गेल्या सर्वसाधारण सभेत टाकी सफाईचे १०,००० रुपये तीन विंगमध्ये वाटलेले दाखवले होते. ए विंग ३,३३३. बी विंग ३,३३३. सी विंग ३,३३३. एकूण १०,०००. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि उभ्या राहिल्या. "तीन हजार तीनशे तेहतीस त्रिक नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव होतात," त्या म्हणाल्या. सभागृहात कुजबूज झाली. बी विंगला नेहमीप्रमाणे संशय आला.

एक्सेलने लबाडी केली नव्हती. त्याच्या मनात ३,३३३ पुढे टिंब देऊन तीनांची लांबलचक रांग होती. आपण पैसे दाखवू नको म्हटलं, म्हणून त्याने ते झाकले. बेरीज मात्र झाकलेल्यासकट केली. दिसणारा आकडा एक, असणारा आकडा दुसरा. यावरही उपाय आहे, राउंड नावाचं सूत्र. ते आकडा नुसता दाखवत नाही, खरोखर कापतं. पण राउंड केलं तर बेरीज ९,९९९ येते आणि टाकी धुणाऱ्याला १०,००० द्यायचे आहेत. म्हणजे कुठल्यातरी एका विंगने एक रुपया जास्त द्यायला हवा. इथे एक्सेलचं काम संपतं आणि सोसायटीचं सुरू होतं. हा ठराव पुढच्या सभेवर ढकलला आहे.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या इमारतीची, गणेश मंडळाची, शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची, कसलीही फाइल हिशोब म्हणून तुमच्याकडे आली असेल, तर तळाच्या बेरजेवर एकदा क्लिक करा आणि वरच्या फॉर्म्युला पट्टीकडे बघा. पीडीएफ आली असेल तर मूळ फाइल मागा. पट्टीत बरोबरच्या चिन्हापासून सुरू होणारं काही दिसलं तर कंसातला पत्ता शेवटच्या खर्चापर्यंत पोचतो का, तेवढं तपासा. नुसता आकडा दिसला तर तो कुणी टाइप केला, हे खजिनदारांना सभेआधी, एकट्याला गाठून विचारा. भर सभेत विचारलंत, तर पुढच्या वर्षीचे खजिनदार तुम्हीच.